जुन्या बीएमएक्सचा क्रँक आवळला तरी पुन्हा ढिला होतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

बीएमएक्स म्हणजे मातीत पळवायची, वीस इंची चाकांची छोटी सायकल, आणि क्रँक म्हणजे दोन्ही पायडल जोडणारे हात आणि मधला दांडा. आधी लक्षणं. यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पायडलवर जोर दिला की दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ असा आवाज येतो. पाय नुसता फिरवला तर येत नाही.
- क्रँकचा हात धरून फ्रेमच्या दिशेने ढकलला-ओढला तर तो आतबाहेर हलतो.
- डाव्या बाजूचा मोठा नट आवळला की दोन दिवस बरं चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.
- चेन एका जागी ताठ तर अर्ध्या फेऱ्यात सैल. मधूनच उतरते.
- मागून पाहिलं की चेनव्हील (क्रँकवरची दातेरी चकती) डावी-उजवीकडे झुलताना दिसतं.
- नट आवळला की क्रँक जड फिरतो, जरा सोडला की डुगडुगतो, आणि मधली जागा काही सापडत नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं. ते असेल तर कितीही आवळाआवळी केली तरी उपयोग नाही. क्रँक उघडावाच लागेल.

मी अमेरिकेत राहतो. थंडी सरली की इथे गॅरेज सेलचा हंगाम सुरू होतो आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या वीस इंची बीएमएक्स वीस-तीस-चाळीस डॉलरांना हाती लागतात. मंडळातल्या ओळखीपाळखीतूनही येतात. कुणाला मुलासाठी हवी असते, कुणाला स्वतःचं राहून गेलेलं लहानपण पुरं करायचं असतं. तक्रार बहुतेक वेळा हीच, आणि सायकल आणणाऱ्याने तो डावा नट आधीच चार वेळा आवळलेला असतो. नट आवळणं हा या दुखण्यावरचा इलाज नाही. प्ले, म्हणजे हा डुगडुगणारा सैलपणा, नेमका कुठून येतोय हे शोधणं हा इलाज. सायकल पाच डॉलरांत सुधारेल की तिच्यावर पैसे घालणं वाया जाईल, हेही तिथेच कळतं.

आत काय आहे

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींत क्रँकचे हात एक्सलवर कॉटर पिनने बसवलेले असतात. तो खिळा झिजला की असाच कट्-कट् आवाज येतो, आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला खिळा बदलून, ठोकून मोकळा होतो. या बीएमएक्समध्ये खिळाच नाही. डावा हात, मधला दांडा आणि उजवा हात असा सगळा मिळून एकच वाकवलेला पोलादी तुकडा. ओहायो राज्यातल्या अ‍ॅश्टाब्युला गावच्या कारखान्यात हे क्रँक घडवले जात, म्हणून इकडचे जुने लोक अजूनही याला ‘अ‍ॅश्टाब्युला’ म्हणतात. श्विन या अमेरिकन कंपनीने १९६३ मध्ये स्टिंग-रे ही पोरांची सायकल बाजारात आणली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं असल्याच सायकली मातीतल्या मोटरसायकल शर्यतींसारख्या (मोटोक्रॉस) पळवू लागली आणि त्यातून बीएमएक्स उभं राहिलं. तेव्हा हा क्रँक आयताच त्या सायकलींना लागलेला होता. स्वस्त, मजबूत, वजनाला जड. रेडलाइनसारख्या कंपन्यांनी पुढे तीन भागांचे क्रोमोलीचे (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचे) क्रँक काढले, पण ते महागड्या सायकलींना. परवडणाऱ्या दरात जे मिळतं त्यात अजूनही हा एकसंध क्रँकच जास्त.

रचना उजवीकडून डावीकडे अशी: क्रँकच्या उजव्या हातावर एक लहान खुंटी असते, ती चेनव्हीलच्या भोकात बसते. चेनव्हील जागेवर दाबून धरतो तो उजवा कोन, म्हणजे ज्यावर छर्रे धावतात तो शंकूसारखा भाग. मग छर्ऱ्यांची केज (छर्रे धरून ठेवणारी पत्र्याची कडी) आणि फ्रेमच्या नळीत, म्हणजे क्रँक ज्यातून आरपार जातो त्या आडव्या नळीत, ठोकून बसवलेला वाटीसारखा कप. पलीकडे डावा कप, छर्रे, डावा कोन, आतल्या बाजूला दात असलेला वॉशर आणि शेवटी लॉकनट.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ: डावा कोन आणि लॉकनट, दोन्ही उलट्या आट्यांचे असतात. डाव्या बाजूला उभं राहून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतात, विरुद्ध दिशेने आवळले जातात. डावं पायडलही तसंच. हे माहीत नसल्यामुळे जितके क्रँक बाद झालेले मी पाहिलेत तितके गंजानेही झालेले नाहीत. नट सुटत नाही म्हणून लोक पान्याला पाइप लावून जोर करतात, आणि प्रत्यक्षात तो आणखी आवळत असतात.

पहिली तपासणी, खर्च शून्य: आवाज मोजा

हत्यार उचलण्याआधी आवाज किती फेऱ्यांनी येतो ते बघा. बीएमएक्सला बहुधा पुढे ४४ आणि मागे १६ दाते असतात, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. चेनला साधारण नव्वदेक कड्या असतात, म्हणजे तीच कडी पुन्हा समोर यायला क्रँकचे दोन फेरे लागतात.

यावरून हिशेब सोपा. दर फेऱ्याला एकदा आवाज: क्रँक, चेनव्हील किंवा पायडल. दोन फेऱ्यांतून एकदा: चेनची एखादी कडी आखडलीय, दोन्ही बाजूंना हलवून तेलाचा एक थेंब सोडा, काम झालं. एका फेऱ्यात दोन-तीनदा: मागचं चाक, तिथले छर्रे किंवा फ्रीव्हील (मागची दातेरी चकती). पायडल न मारता सायकल नुसती सोडली तरी आवाज येत असेल, तर क्रँकच्या नादी लागूच नका.

एकदा सीटवर बसून आणि एकदा उभं राहून चालवा. फक्त बसल्यावर आवाज येत असेल तर सीटचा क्लॅम्प करकरतोय. उभं राहून हँडल ओढल्यावरच येत असेल तर स्टेम (हँडल धरणारा दांडा) आणि हँडलबारचे बोल्ट बघा. स्टीलच्या फ्रेममधून आवाज असा फिरतो की हँडलचा आवाज पायाखालून आल्यासारखा वाटतो.

दुसरी: पायडल

पायडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावून पुन्हा नीट आवळा. निम्म्या ‘क्रँकच्या’ तक्रारी इथेच मिटतात. पायडलचा स्वतःचा एक्सल हलतोय का तेही बघा: क्रँकचा हात एका हाताने घट्ट धरून पायडल हलवा.

नवीन पायडल घ्यायचंच असेल तर माप विसरू नका. एकसंध क्रँकला अर्ध्या इंचाचा आटा लागतो, तीन भागांच्या क्रँकला नऊ सोळांश इंचाचा. दुकानात सहज मिळतात ती बहुतेक दुसऱ्या मापाची.

तिसरी: चेन आणि मागचा एक्सल

मागच्या चाकाचे नट पुरेसे आवळलेले नसतील तर जोर दिल्यावर एक्सल ड्रॉपआऊटमध्ये (फ्रेमची जी खाच एक्सल धरते तिच्यात) पुढे सरकतो आणि अगदी असाच ‘कट्’ करतो. चाक तिरकं झालेलं दिसलं, टायर एका बाजूने फ्रेमला घासत असेल, तर हेच. चाक मधे घ्या, नट आवळा, पुन्हा चालवून बघा.

चेन मधोमध बोटाने वरखाली केली तर सेंटिमीटरभर हलली पाहिजे. हे बघताना क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा आणि चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे हे माप ठेवा. जुनी चेनव्हील्स अगदी गोल नसतात. सैल जागी माप ठेवलं तर ताठ जागी चेन क्रँकच्या छर्ऱ्यांवर दाब देत राहते आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा याच पानावर याल.

चेनची झीज मोजायला फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यापासून चोवीस पिना पुढे मोजा, बरोबर १२ इंच भरले पाहिजेत, म्हणजे ३०४.८ मिमी. दीड मिमी जास्त भरलं तर चेन बदला. तीन मिमी जास्त असेल तर चेनव्हील आणि फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात. नुसती नवी चेन टाकलीत तर ती दात्यांवरून घसरेल.

चौथी: न उघडता कोन जुळवणं

इथून पाने लागतात. चेन चेनव्हीलवरून उतरवा. हे टाळू नका, चेन लागलेली असताना क्रँकचा प्ले हाताला कळत नाही. आता दोन्ही हातांनी क्रँक आडवा हलवा. प्ले लागला, तर लॉकनट ढिला करा (घड्याळाच्या दिशेने, पुन्हा सांगतो), वॉशर थोडा बाहेर घ्या आणि आतला कोन खाचेत स्क्रू ड्रायव्हर किंवा पिन पाना घालून घड्याळाच्या उलट दिशेने थोडा थोडा आवळा. प्ले जायला हवा आणि क्रँक स्वतःच्या वजनाने फिरून थांबायला हवा. मग वॉशर, मग लॉकनट. लॉकनट आवळताना कोनही थोडा आत सरकतो, म्हणून कोन आधी किंचित सैल ठेवावा लागतो. हे दोन-तीनदा करावं लागलं तर वैतागू नका, सगळ्यांनाच करावं लागतं.

आता तो वॉशर नीट बघा. त्याच्या आतल्या कडेला एक दात असतो आणि क्रँकच्या दांड्यावर त्यासाठी खाच असते. हा दात लॉकनटची फिरकी कोनापर्यंत पोचू देत नाही. दात तुटलेला असेल, किंवा कुणीतरी साधा गोल वॉशर टाकलेला असेल (हे फार वेळा दिसतं), तर तुम्ही कितीही नीट जुळवा, पाय मारता मारता नट आणि कोन मिळून सरकणारच. ‘आठवड्यात पुन्हा ढिला’ या तक्रारीचं हे एक नंबरचं कारण. वॉशर दोन डॉलरांचा.

वॉशर ठीक आहे, जुळवलंही नीट, तरी एका जागी जड आणि अर्ध्या फेऱ्यानंतर डुगडुग असेल, तर आतला कोन किंवा कप खड्ड्यांनी भरलाय. उघडा.

पाचवी: उघडणं

लागणारं सामान: दोन मोठे अ‍ॅडजस्टेबल पाने, १५ चा पायडल पाना, चांगलं ग्रीस, रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट, चिंध्या आणि मोबाइल. मोबाइल यासाठी, की प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्यायचा.

डावं पायडल काढा. उजवं राहू दे. लॉकनट, वॉशर, कोन, छर्रे डाव्या हातावरून सरकवत बाहेर काढा. मग क्रँक तिरका करत उजवीकडून ओढून घ्या. एका ठिकाणी अडकल्यासारखा वाटतो, जरा फिरवला की सुटतो. हातोडी नको.

आतलं ग्रीस बोटावर घेऊन उन्हात धरा. नुसतं काळं-घट्ट असेल तर फक्त जुनं झालंय. त्यात चंदेरी चकाकी दिसली तर ते पोलाद आहे, छर्ऱ्यांचं किंवा कोनाचं. तांबूस असेल तर पाणी शिरलंय. सायकल कुणाच्या तरी परसात पावसात पडून होती.

सगळं रॉकेलने स्वच्छ करा. कोन उजेडात फिरवून बघा. छर्रे जिथे धावतात तिथे एक चकचकीत रेघ दिसते, ती सलग असेल तर कोन चांगला. रेघेत बारीक खड्डे असतील तर बॉलपेनचं टोक त्यावरून फिरवा, अडकतं की नाही ते बोटाला कळतं. अडकलं तर कोन गेला. कपांचीही तीच परीक्षा.

छर्रे मात्र न बघता बदला. केजसकट नवी जोडी पाच-सात डॉलरांत येते, छर्रा पाच सोळांश इंचाचा. जुने छर्रे डोळ्यांना छान दिसले तरी ते एकसारखे झिजलेले नसतात.

केज कशी बसवायची यात हमखास घोळ होतो. पत्र्याची बंद बाजू बाहेरच्या अंगाला, छर्रे आत कपाकडे. खात्री करायची तर कपात केज ठेवून कोन हाताने दाबा आणि फिरवा. मऊ फिरली तर बरोबर. पत्रा घासल्याचा खरखर आवाज आला किंवा कोन नीट बसलाच नाही, तर उलटी आहे. उलट्या केजने क्रँक नट आवळल्यावर जड आणि सोडल्यावर डुगडुगता होतो, म्हणजे अगदी त्या शेवटच्या लक्षणासारखा. कधी कधी आधीच्या मालकाने केजच उलटी घातलेली असते आणि बाकी सगळे भाग ठणठणीत असतात.

क्रँक बाहेर आहेच, तर उजवा कोन आणि चेनव्हीलही तपासून घ्या. चेनव्हील धरून हलवलं आणि ते क्रँकच्या हातावर खुळखुळलं, तर उजवा कोन ढिला आहे. हा सरळ आट्यांचा. क्रँक व्हाइसमध्ये कापडात धरा आणि दणकून आवळा. तरीही हललं तर खुंटीचं भोक लांबट झालंय. असं चेनव्हील जोर दिल्यावर दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ करतं आणि पोरांच्या हातून सहसा तेच बाद होतं. पत्र्याची चकती लावून भोक भरायचे उद्योग मी पाहिलेत. टिकत नाहीत. बदला.

चेनव्हील झुलत असेल तर ते वाकडंय की क्रँकचा दांडाच, हे आधी ठरवा. क्रँक बसवून फिरवा आणि दोन्ही हातांची टोकं फ्रेमपासून किती अंतरावर जातात ते बघा. हात सरळ फिरतात आणि फक्त चकती झुलते, तर अ‍ॅडजस्टेबल पान्याने दात्यांच्या आतली बाजू धरून हलकेच सरळ करता येते. हातही झुलत असतील तर क्रँक वाकलाय. तो ठोकून सरळ करू नका. वापरलेला क्रँक दहा-पंधरा डॉलरांत मिळतो. घेताना जुना क्रँक सोबत न्या: बहुतेकांचे आटे इंचाला २४ असतात, पण काही श्विनचे २८, आणि एकाचा कोन दुसऱ्यावर चढत नाही. जबरदस्तीने चढवला तर दोन्ही जातात.

सहावी: कप

कप खराब असतील तर नवीन कप-कोनाचा संच पंधरा-वीस डॉलरांना येतो. जुना कप काढायला विरुद्ध बाजूने नळीत पंच घाला आणि कपाच्या आतल्या कडेवर एकदा इकडे एकदा तिकडे असे ठोके द्या. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर कप तिरका होतो आणि जाता जाता नळीला ओरखडे पाडतो. नवा बसवताना लाकडाचा ठोकळा मधे धरा. त्याहून बरं म्हणजे लांब आटेदार सळई, दोन मोठे वॉशर आणि दोन नट घेऊन दोन्ही कप एकदम आत ओढून घ्या. सळई हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि कप सरळच बसतात.

कप बसवताना जोर लागलाच पाहिजे. अंगठ्याने आत गेला तर थांबा. नळी फाकली आहे, आणि तुम्ही इतके दिवस जो नट आवळत होता त्याचं मूळ तिथे आहे. व्हर्नियरने नळीचा आतला व्यास दोन काटकोनी दिशांना मोजा. साधारण ५१.३ मिमी भरायला हवा. दोन दिशांची मापं वेगळी आली, तर नळी लंबगोल झालीय. थोडासाच ढिला असेल तर कप पक्का करणारं बेअरिंग रिटेनर द्रव लावून, पूर्ण वाळू देऊन चालतं. घरच्या घरी आणि हलक्या वापरासाठी एवढंच. नळी डोळ्यांना लंबगोल दिसत असेल तर ते काम घरचं नाही.

घेण्याआधीच हे करता आलं तर

विकणाऱ्याच्या दारात क्रँक उघडून बघता येत नाही, पण चेन उतरवून हलवता येतो. नुसता डुगडुगणारा क्रँक हा भाव पाडायला उत्तम मुद्दा. विकणाऱ्याला वाटतं सायकल गेली, तुम्हाला माहीत असतं की पंधरा-वीस डॉलरांचं काम आहे. गंजलेली चेन, फाटलेली सीट, सुकलेले टायर, यांनाही घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. पुढच्या हेडट्यूबच्या (हँडल आणि फोर्क ज्यात बसतात ती पुढची उभी नळी) मागे, वरची आणि खालची नळी जिथे जोडतात तिथे खालून बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून जोरात आपटली आहे, परत ठेवा. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्याकडेने गंज असेल तर खाली बहुधा तडा आहे. क्रँकच्या नळीच्या चारी बाजूंची वेल्डिंग, मागचे ड्रॉपआऊट, फोर्कचे पाय जिथून सुरू होतात ती जागा, हे सगळं टॉर्च लावून बघा.

टायरचंही माप वाचा. ‘वीस इंच’ म्हणजे एकच माप नव्हे. २० × १.७५ किंवा २.१२५ असेल तर रिमचा व्यास ४०६ मिमी, टायर कुठेही मिळतो. २० × १ ३/८ असेल तर ४५१ मिमी, एक दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या श्विनचा २० × १ ३/४ तर तिसराच, ४१९ मिमी. हँडलचा स्टेमही असाच फसवतो: अमेरिकन बीएमएक्सचा दांडा २१.१५ मिमीचा, बाकी बहुतेक सायकलींचा २२.२. हे दोन्ही सुटे भाग आधी शोधून मग भाव ठरवा.

मंगूज, जीटी, हारो, डायमंडबॅक ही बीएमएक्स कंपन्यांची नावं बघून लगेच खिसा उघडू नका. हीच नावं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या दर्जाच्या सायकलींवर आलीत. फ्रेमवर ४१३० (क्रोमोलीचाच क्रमांक) किंवा क्रोमोली लिहिलंय का, सिरियल नंबर क्रँकच्या नळीखाली किंवा ड्रॉपआऊटवर आहे का, ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या चांगल्या फ्रेमांचे भाव आता शेकड्यांत गेलेत, त्या आपल्या कामाच्या नाहीत. नव्वदच्या दशकातली, साध्या पोलादाची का होईना पण सरळ फ्रेमची सायकल निवडा. हफी आणि मरेच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या सायकलींना संग्राहक नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्त मिळतात, आणि पोराला गल्लीत उड्या मारायला पुरतात.

रंगाला शेवटी हात लावा. मूळ स्टिकर शाबूत असतील तर तसेच राहू द्या, ते गेले की सायकलीचा अर्धा भाव गेला. क्रोमवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने जातो. रंग खरवडायचाच असेल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या सायकलीचा रंग कोरड्या सँडपेपरने घासू नका, आणि मुलं आसपास असताना तर अजिबात नाही.

इथे थांबा, कारागिराकडे जा

क्रँकच्या नळीला किंवा तिच्या वेल्डिंगला तडा असेल. नळी फाकली असेल. कप पूर्ण गंजून नळीशी एकजीव झाला असेल आणि दहा-बारा ठोक्यांनी हलत नसेल. क्रँकच्या दांड्याचे डावे आटे निम्म्याहून जास्त उडाले असतील. फोर्क किंवा हेडट्यूब वाकलेली असेल. यातलं एकही असेल तर हत्यारं खाली ठेवा.

वेल्डिंगबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ‘ओळखीतला एक जण वेल्डिंग करतो’ हे वाक्य फार ऐकतो. क्रोम चढवलेल्या फ्रेमवर वेल्डिंग केलं की निघणाऱ्या धुरात विषारी क्रोमियम असतं. आधी तेवढ्या जागेचं क्रोम काढावं लागतं, तेही मास्क लावून. शिवाय क्रोमोलीच्या नळ्या पातळ असतात. गेटची जाळी जोडणाऱ्याच्या हाताने त्यांत भोक पडतं, किंवा जोड वरून चांगला दिसतो आणि शेजारी नवा तडा जातो. मूल उडी मारून खाली येतं तेव्हा सगळा भार याच जोडावर येतो. सायकलीच्या फ्रेमा बनवणारा किंवा दुरुस्त करणाराच गाठा, आणि आधी भाव विचारा. बहुतेक वेळा तो आकडा दुसऱ्या सरळ फ्रेमच्या किमतीहून जास्त निघतो. मग ही सायकल सुट्या भागांसाठी ठेवा, तिचा क्रँक, चाकं, हँडल दुसरीला कामाला येतात.

लंबगोल नळीसाठी सायकलच्या दुकानात एक मधला मार्ग विचारून बघा: या मोठ्या नळीत बसवून तीन भागांचा साधा क्रँक लावता येईल असा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो नळीला दोन्ही तोंडांकडून आवळून धरतो, त्यामुळे थोडी फाकलेली नळी त्याने चालून जाते. फार फाकलेली असेल तर दुकानदारच नाही म्हणेल, आणि त्याचं ऐका.

दुकानात नेताना क्रँक पुन्हा जोडून नेऊ नका. कप, कोन, वॉशर, छर्रे सगळं पुसून एका पिशवीत घाला, फ्रेम उघडीच न्या. कारागिराला नळी लगेच दिसते आणि उघडण्याची मजुरी वाचते.